मदत हवी आहे: महापालिकेच्या बजेटसाठी गल्लीचं म्हणणं कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. १ एप्रिलपासून नवं आर्थिक वर्ष, म्हणजे महापालिकेचं बजेट त्याआधी ठरणार. यंदा आमच्या गल्लीनं आपलं म्हणणं लेखी द्यायचं ठरवलंय. परवा तालमीत बसलो, तर तासाभरात २० मागण्या! पोरांना व्यायामाचं साहित्य हवं, बायकांना ठरलेल्या वेळेला पाणी. शेजारच्या काकूंनी मात्र घरी नेऊन २०१९ च्या पुराची भिंतीवरची रेघ दाखवली, माझ्या छातीइतकी. त्यांना गटारीशिवाय दुसरं काही नको. मलाही तेच पटतं, पण घरफाळा सगळेच भरतात, मग माझंच खरं कसं म्हणू?

पुण्यात २००६ पासून नागरिक अर्ज भरून आपल्या भागातली कामं बजेटसाठी सुचवतात. आपल्याकडं कुणी असा अर्ज दिलाय का? आयुक्तांच्या नावानं द्यायचा की विभागीय कार्यालयात? अंदाजे खर्च आपणच लिहायचा का?

आणि खरं अडलंय ते इथं: २० तून ३ निवडायच्या कशा? हात वर करायला सांगितलं की म्हाताऱ्या बायका गप्पच बसतात. घरटी एक चिठ्ठी घ्यावी का? कुणाकडं जुना अर्ज असेल तर फोटो टाका, लई उपकार होतील.