सल्लागार आयोग निरुपयोगी नसतो
शहर पातळीवरचे मानवी हक्क आयोग केवळ सल्ला देतात, म्हणून ते निरुपयोगी आहेत, हे मत मला पटत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटलचा आयोग १९६३ मध्ये स्थापन झाला आणि घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा मसुदा त्याने तयार केला. १९६४ मध्ये मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला, तरी १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच, नगर परिषदेने तसा कायदा संमत केला. त्याच शहराने २०२३ मध्ये, अमेरिकेत प्रथमच, जातिभेदावर बंदी घातली. तक्रारींची चौकशी मात्र आयोग नव्हे, तर शहराचे नागरी हक्क कार्यालय करते. त्या शहरात आडनाव सांगताना आजही चाचरणाऱ्या आपल्या माणसांना हे ठाऊक असणे फार गरजेचे आहे.