राजा अम्पातला जायचंय, कोणी सांगेल का?

प्राची, सी-४०२: डिसेंबरात आईबाबांना घेऊन इंडोनेशियातल्या राजा अम्पात बेटांवर जायचं ठरतंय. प्रवास कसा जुळवावा?

देशपांडे काका, ए-११०३: मुंबई, जकार्ता, सोरोंग असं विमान. सोरोंगहून राजा अम्पातच्या वैसाई बंदराला साधारण दोन तासांची फेरीबोट, तिथून होमस्टेची छोटी बोट. भाडं माणशी आहे की अख्ख्या बोटीचं, ते आधीच लिहून घे. सोरोंगचं घड्याळ जकार्ताच्या दोन तास आणि आपल्या साडेतीन तास पुढे असतं. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते, गफलत होते ती तिथेच. आणि परतीची शेवटची रात्र सोरोंगमध्येच काढ, बेटावर नको. वारा सुटला की बोट थांबते, पावसाळ्यात आपली मांडव्याची थांबते तशी. दोन विमानांचे पीएनआर वेगळे असतील तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याचे पैसे बुडाले समज.

मीनल वहिनी, बी-२०१: मलेरियाचं विसरू नकोस गं. राजा अम्पात ज्या पापुआ भागात येतं तिथे तो आहे, प्रतिबंधक गोळ्या लागतात. डॉक्सीसायक्लिन जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. मधेच सोडली तर उपयोग नाही. तिने उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे ने. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस, पण महाग. बाबांच्या बाकीच्या गोळ्यांशी कुठली जमते ते डॉक्टरांनाच ठरवू दे. बोट लागत असेल तर त्यावरची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

प्राची: पैसे कसे न्यायचे?

सचिन, ए-५०४: वैसाई सोडलं तर बेटांवर एटीएम नाही, होमस्टे रोखीतच चालतात. रुपिया (तिथलं चलन) जकार्तातच घे. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. घडी पडलेली, शिक्का किंवा पेनाची खूण असलेली नोट परत करतात. व्हिसा ऑन अरायव्हल ५,००,००० रुपिया, ३० दिवसांचा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. बऱ्याच होमस्टेत जनरेटर संध्याकाळीच लावतात, म्हणून पॉवरबँक ने, पण हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची चालते. आपली गोल दोन पिनांची प्लग तिथे बसते, तीन पिनांची नाही.

देशपांडे काका: स्कूबा करणार असशील तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुडे धरतो. विमा काढताना त्यात स्कूबा आणि बेटावरून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च धरलाय ना, ते पाहून घे.

प्राची: परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही, काका. एक दिवस पुढचं काढते.