‘अर्क’ : सूर्य, रुई की सार?

प्रश्न :
एखाद्या ग्रंथाचा किंवा आयुष्यभराच्या अनुभवाचा ‘अर्क’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील सर्वांत शुद्ध सार अभिप्रेत असते. संस्कृतात मात्र अर्क म्हणजे मुख्यतः सूर्य आणि रुईचे झाड. मग हा शब्द सूर्यापासून सारापर्यंत कसा पोहोचला? आणि खोडकर मुलाला ‘हा अगदी अर्क आहे’ असे का म्हणतात?

प्रतिसाद १ :
तो सूर्यापासून निघालेलाच नाही. हे दोन वेगळे शब्द असून मराठीत त्यांचे रूप तेवढे एक झाले आहे. रथसप्तमीच्या स्नानाची अर्कपत्रे आणि तिसऱ्या लग्नाआधी पुरुषाचा रुईशी लावला जाणारा अर्कविवाह, हे संस्कृत अर्काचे गोत्र. साराचा अर्क हा मूळचा अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. ओवा किंवा बडीशेप पाण्यात उकळून तिची वाफ नळीतून नेली आणि थंड केली, की थेंब घामासारखे पाझरू लागतात. त्यावरून अशा द्रवाला हे नाव मिळाले. हिंदीत आजही ‘अरक’ असे लिहिलेले आढळते. वनस्पतीतले जे उत्तम ते थोडक्या थेंबांत उतरते, म्हणून पुढे विचारांचाही अर्क निघू लागला.

प्रतिसाद २ :
हे मला पटत नाही. आयुर्वेदात अर्क तयार करतात आणि रावणाच्या नावावर असलेला ‘अर्कप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथच या विषयावर आहे. मग शब्द परका कसा?

प्रतिसाद १ :
आपली शंका रास्त आहे, परंतु चरकसंहितेत स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट अशा पाचच कल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या पद्धती, सांगितल्या आहेत. अर्क त्यांत नाही. तो नंतर आला आणि संस्कृतात तसाच शब्द आधीपासून असल्यामुळे सहज सामावला गेला, असे मला वाटते. खोडकर मुलाबाबत बोलायचे, तर ‘लबाडीचा अर्क’ यातील पहिला शब्द गळून नुसता ‘अर्क’ उरला असावा. व्यक्तीची नेमकी वैशिष्ट्ये ठळक करून काढलेल्या चित्राला अर्कचित्र म्हणतात, तेही याच अर्थाने, आणि मला तो मराठीतील अत्यंत नेटका शब्द वाटतो.

प्रतिसाद ३ :
गोव्यातील ‘उर्राक’ हा याच अरबी शब्दाचा वंशज आहे. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाटीत, म्हणजे दारू गाळण्याच्या भांड्यात, चढवला, की पहिल्या खेपेला उतरते ते उर्राक, आणि ते पुन्हा भाटीत घालून काढलेली फेणी. उर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के असतो, तर फेणीत 40 टक्क्यांहून अधिक. म्हणजे मराठीत ज्या शब्दाने शुद्धतेची परिसीमा दाखवली, तोच शब्द गोव्यात पहिल्या, सौम्य उताऱ्याकडे राहिला. ‘मद्यार्क’ या शब्दातही तो आहेच.