जुना मिनी ट्रॅक्टर आणि पेट्रोल वीडर, ऑइल कुठलं घालायचं? तिघांनी तीन सांगितलंय

पन्हाळा_पायथा:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं वडलांनी घेतलेला १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर हाय, डिझेल, सोळा वर्षं झाली. आणि उसातल्या भांगलणीला दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पेट्रोल वीडर घेतलाय, ५-६ एचपीचा, फोर स्ट्रोक, एअर कूल्ड. दोन्हीची पुस्तकं कुठं गेली देवाला माहीत. परवा ऑइल आणायला कोल्हापुरात गेलो तर दुकानदार म्हणतोय २०डब्ल्यू-४० न्या, सगळ्याला चालतंय. गावातला मिस्त्री म्हणतोय साधं ४० नंबर घाल, जुन्या इंजिनाला तेच पचतंय. भाचा पुण्यात असतोय, तो म्हणतोय मामा फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घाला, पाच वर्षं बघायला नको. आता मी ऐकू कुणाचं? वीडर चालू करताना जरा पांढरा धूर मारतंय आणि गरम झाल्यावर ताकद कमी वाटत्या, पण ऑइल अजिबात खात न्हाय, उलट डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) जरा वरच दिसतंय, म्हणजे इंजिन चांगलं असणार. पुढच्या आठवड्यात उसाला मातीची भर लावायची हाय, लवकर सांगा.

शाहूपुरी_भावड्या:
कुठलं बी घाल पण घाल मर्दा. आमच्या शेजारच्यानं तीन वर्षं घातलंच न्हवतं, आता वीडर गोठ्यात कोंबड्या बसायला हाय.

शिरोळ_ऊसवाला:
मिस्त्री बरोबर सांगतोय. आमच्या आज्ज्यापासनं इंजिनात ४० नंबर, पाण्याच्या इंजिनात बी तेच आणि टिलरात बी तेच. ही नवीन ऑइलं पाण्यासारखी पातळ, आणि घातली की आठ दिवसात काळीकुट्ट. ४० नंबर महिना महिना सोनेरी राहतंय. काळं झालं म्हणजे ऑइल जळलं, एवढं साधं गणित हाय.

उद्यमनगर_मिस्त्री:
शिरोळवाले, रागावू नका पण गणित उलटं मांडलंय तुम्ही. डिझेल इंजिनात काजळी होणारच. नवीन ऑइलात डिटर्जंट असतंय, ते काजळी धुवून आपल्यात धरून ठेवतंय म्हणून ऑइल काळं दिसतंय, आणि बदललं की घाण त्याच्याबरोबर बाहेर. तुमचं सोनेरी राहिलेलं ऑइल काजळी सोडून देतंय, ती पिस्टनच्या रिंगच्या खाचंत आणि चेंबरच्या, म्हणजे खाली ऑइल साठतंय त्या पेटीच्या, तळाला बसत्या. मी तीस वर्षं इंजिनं खोलतोय, जुन्या साध्या ऑइलवरच्या इंजिनाचा तळ उघडला की चमच्यानं खरवडून काढायला लागतंय, काळं लोणी असल्यासारखं.

आता पन्हाळ्याच्या दादांचं. नंबर म्हणजे नुसता जाडपणा. १५डब्ल्यू-४० हे इंजिन गरम झाल्यावर साध्या ४० नंबरएवढंच जाड असतंय, फक्त गार असताना जास्त पातळ. डब्ल्यू म्हणजे विंटर. आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे १३-१४ डिग्री, त्यामुळं डब्ल्यूच्या आधीचा आकडा १० आहे का १५ का २० यावर भांडण करण्यात राम न्हाय. डब्यावर दुसरं एक बारीक लिहिलेलं असतंय ते बघा, एपीआय सीएच-४, सीआय-४ असं, तो ऑइलचा दर्जा. सी म्हणजे डिझेलचं, एस म्हणजे पेट्रोलचं. सीएच-४ १९९८ साली आलं, सीआय-४ २००२ला. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात यातलं कुठलंबी असू दे, नाहीतर जुनं सीएफ-४ असू दे, १५डब्ल्यू-४० सीआय-४ बिनधास्त चालतंय. पाच-पाच लिटरचे कॅन सगळीकडं मिळतात. एकच सांगतो, इतकी वर्षं साधं ऑइल असलं तर पहिलं नवीन ऑइल लवकर काढा, ४०-५० तासात, कारण ते आधीची सगळी घाण सोडवून आणणार. आणि फिल्टर दोन्ही वेळेला बदला, दीडदोनशे वाचवायला जाऊ नका.

वीडरचं वेगळं हाय. त्यात ऑइलचा पंप नसतोय, फिल्टर नसतोय. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या खाली एक पळी असत्या, ती फिरताना ऑइलात बुडत्या आणि उडवत्या, बास, तेवढ्यावर सगळं चालतंय. म्हणून तिथं ब्रँडपेक्षा लेव्हल आणि वेळेवर बदलणं. नवीन इंजिनाला पहिल्या २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, असं कंपन्या सांगतात. आपल्या उसातली धूळ बघता मी पन्नासला सांगतो. घालायचं १०डब्ल्यू-३० किंवा साधं ३० नंबर, पेट्रोलचं, एसजे किंवा त्याच्या पुढच्या अक्षराचं. उन्हाळ्यात दिवसभर चालवणार असशीला तर १०डब्ल्यू-३० थोडं जास्त खातंय, मग २०डब्ल्यू-४० घातलं तरी काय बिघडत न्हाय. दुकानदार एवढं तरी खरं बोललाय.

पण दादा, तुमच्या प्रश्नात ऑइलपेक्षा एक मोठी गोष्ट लिवलीय आणि तुम्ही ती चांगली समजून बसलायसा. डिपस्टिकवर ऑइल वर का दिसतंय? ऑइल आपोआप वाढत नसतंय. डिपस्टिक काढून वास घ्या आणि इथं लिवा.

शिवाजी_पेठ_लॅब:
मिस्त्रींच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन, ते आधी बघा.
भाच्याबद्दल थोडं. सिंथेटिक वाईट नाही, पण पाच वर्षं हे गाडीला पण खरं नाही आणि फिल्टर नसलेल्या इंजिनाला तर अजिबात नाही. ऑइल कितीही भारी असलं तरी आत आलेली धूळ ते कुठं टाकणार? दुसरं, जुन्या इंजिनांच्या चर्चेत झिंकचा विषय निघतोच. झिंक आणि फॉस्फरसचं एक मिश्रण ऑइलात असतं, ते कॅम आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) एकमेकाला घासतात तिथं पातळ थर धरतं. गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये त्याच्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-४० ला ती लागू नाही. वीडरसारख्या इंजिनात वॉल्व्हच्या स्प्रिंगा एवढ्या मऊ असतात की मर्यादेतलं ऑइल पण पुरतं, त्यामुळं महागड्या झिंकच्या बाटल्या वेगळ्या विकत घेऊन ओतू नका. बाईकचं फोरटी (फोर स्ट्रोकचं) ऑइल उरलं असेल तर तेही वीडरला चालतं. टूटी (टूस्ट्रोकचं) मात्र नाही, ते पेट्रोलमध्ये मिसळायचं, फवारणीच्या टूस्ट्रोक पंपाचं.

शिरोळ_ऊसवाला:
बरं मिस्त्री, काळ्याचं पटलं थोडं. पण ४० नंबरवर आमची इंजिनं वीस वर्षं चालली हे पण खरं हाय ओ.

उद्यमनगर_मिस्त्री:
चालली की, कोण न्हाई म्हणतंय. तुमचा आज्जा दर पंधरा दिवसाला ऑइल काढत असणार, म्हणून चालली.

पन्हाळा_पायथा:
मिस्त्री, आता गोठ्यात जाऊन बघून आलो. डिपस्टिक काढली तर नाकात पेट्रोलचाच वास! पेपरावर एक थेंब टाकला तर मधी काळा ठिपका आणि भोवती पातळ गोल पसरत पसरत चार बोटं झाला. दोन बोटात घासून बघितलं तर चिकटपणाच न्हाय, रॉकेल लावल्यागत. मग रागानं सगळं काढलंच. मापलं तर जवळजवळ लिटर निघालं! माझ्या वीडरवर स्टिकर हाय, त्यावर ०.६ लिटर लिवलंय, ते आत्ता वाचलं. हे पेट्रोल आत गेलं कुठनं?

उद्यमनगर_मिस्त्री:
वाटलंच. पेट्रोलचा कॉक बंद करतासा का काम झाल्यावर? करत नसणार. टाकी वर, कार्बोरेटर खाली. कार्बोरेटरात एक पितळी किंवा प्लॅस्टिकचा फ्लोट असतोय, त्याच्यावर सुई, ती सुई पेट्रोल अडवत्या. तिच्या टोकाला बारीक कचरा बसला, नाहीतर सुई झिजली, की रात्रभर ठिबकत राहतंय, इनटेकमधनं सिलिंडरात आणि रिंगांमधनं खाली चेंबरात. तुम्ही वीडर पिकअपच्या मागं टाकून नेत असशीला, गावाबाहेरच्या त्या स्पीडब्रेकरवर हादरे खाऊन सुई आणखी सुटत्या. पांढरा धूर, ताकद कमी, ऑइल वर, सगळं त्याचंच. असल्या पातळ ऑइलवर आणखी पंधरा दिवस भर लावली असती तर रॉड चेंबर फोडून बाहेर आला असता, मी बघितलाय बाहेर आलेला.

आता असं करा. कार्बोरेटरचा खालचा वाटीसारखा भाग खोला, एकच बोल्ट असतोय. आत कचरा दिसंल, साफ करा. सुई हातात धरून टोकावर नख फिरवा, खाच लागली तर नवीन घाला, स्वस्त असत्या. एअर फिल्टरचा फोम बघा, पेट्रोलनं भिजला असणार, धुवून वाळवून दोन थेंब ऑइल लावून पिळून बसवा. ऑइल घातल्यावर वीडर सपाट जागेवर उभा करा, बांधावर तिरका न्हाय. आणि बऱ्याच असल्या इंजिनांत डिपस्टिकचं झाकण न फिरवता नुसतं टेकवून लेव्हल बघायची असत्या. फिरवून बघितलं की कमी ऑइलसुद्धा पुरेसं दिसतंय. तुमच्या स्टिकरवर चित्र असंल, ते बघा.

पहिल्यांदा घातलेलं ऑइल चार-पाच तास चालवून काढून टाका, आत राहिलेलं पेट्रोल त्यात निघून जाईल. त्याला महागडं घालू नका.

पन्हाळा_पायथा:
कॉक बंद करतच न्हवतो ओ, दोन वर्षं. सुईवर गोल खाच पडलीय, नवीन आणतो उद्या. वीडरला २०डब्ल्यू-४० एसएल आणि ट्रॅक्टरला १५डब्ल्यू-४० सीआय-४, ठरलं. भाच्याला सांगत न्हाय काय, तो वाद घालंल. एक शेवटचं, हे काढलेलं लिटरभर ऑइल गोठ्याच्या दाराला वाळवीसाठी लावू का? आई म्हणत्या लाव.

उद्यमनगर_मिस्त्री:
आईंना सांगा त्यात जवळजवळ निम्मं पेट्रोल हाय. गोठ्याशेजारी चूल असंल तर नकोच, आणि विहिरीकडं ओतू नका. डब्यात झाकण लावून ठेवा, जुनं ऑइल घेणारा भंगारवाला आला की द्या.