मदत हवी आहे: विभागीय कार्यकारिणीत आमच्या भागाचा माणूस कसा जाईल?

कोनाडा: यंदाही कार्यकारिणीत सगळे मुख्य शहरातलेच. आमच्या बाजूला पन्नासेक आर्किटेक्ट आहेत, प्रतिनिधी एकही नाही. बैठकाही तिकडेच, त्याही कामाच्या दिवशी. राज्य सरकारला निवेदन दिलं तर जागा मिळेल का? उमेदवारी अर्जाची मुदत जवळ आलीय, लवकर सांगा.

ओळंबा: निवडणूक कुठली? आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलची की संघटनेची?

माळवद: कौन्सिल १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने झाली. तिच्यावर प्रत्येक राज्याचा एक आर्किटेक्ट असतो आणि तो राज्य सरकार नेमतं, आपण मत देत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे सभासद मात्र आपल्यातले पाच जण निवडून तिथे पाठवतात.

कोनाडा: कौन्सिल नाही हो! संघटनेची विभागीय शाखा. सभासदच मत देतात.

ओळंबा: मग सरकारचा काही संबंध नाही. संघटनेची घटना काढून वाचा. जिल्हावार जागा आहेत की अख्ख्या विभागाची एकच यादी? आणि पन्नासपैकी मत किती जणांना आहे?

कोनाडा: एकच यादी. वर्गणी बऱ्याच जणांची थकलीय.

माळवद: इथेच घोडं अडलंय. वर्गणी भरून घ्या आणि एकच उमेदवार द्या. आमच्याकडे तिघे उभे राहिले, तिघेही पडले.

रेघ: त्यापेक्षा उपकेंद्र काढा. आम्ही दोन वर्षं दर महिन्याला व्याख्यान ठेवलं, मग मुख्य शाखा आपणहून विचारायला लागली.

ओळंबा: विचारणं वेगळं, मत वेगळं. घटनेत जागा नसेल तर उपकेंद्राचा अध्यक्ष बैठकीत नुसता बसून राहील. यूआयए या जागतिक संघटनेत पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाचा उपाध्यक्ष ठरलेला. तशी दुरुस्ती मागा.

रेघ: दुरुस्तीला त्याच शहराची मतं लागणार ना? ती कोण देणार?

गच्ची: नोंदणी नसलेले लोक आर्किटेक्ट म्हणून पाट्या लावतात, त्यावर कोणी बोलत नाही. आर्किटेक्ट्स कायद्याचं कलम ३७ कशासाठी आहे?

माळवद: कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावण्यापुरतं आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पाटीची तक्रार जरूर करा, पण वेगळ्या धाग्यावर.

कोनाडा: दुरुस्ती यंदा होणं नाही. थकलेल्यांना आजपासून फोन करतोय. सूचक आणि अनुमोदक दोघेही आमच्याच भागातले चालतील का?

ओळंबा: घटनेत मनाई नसेल तर चालतील. त्या दोघांची वर्गणी भरलेली आहे ना?

कोनाडा: एकाची नाही. आज भरून घेतो.