गिरणीजवळच्या खानावळी
सोलापूरच्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि भोवतीच्या स्वस्त खानावळीही गेल्या, असं लोक लिहितात ते खरंच. पण तिथल्या ताटाबद्दल कुणीच लिहिलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाभाजीवर, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाच्या रस्साभाजीवर, लालभडक तर्री, बाजूला शेंगाचटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. रस्सा कितीही वेळा मागा! आम्ही गावी होतो तोवर वडील तिथंच महिन्याच्या खात्यावर जेवायचे, पगाराला चुकतं करायचे. रात्रपाळीला डब्यात कडक भाकरी. पापडासारखी पातळ, आठवडाभर टिकणारी, रस्स्यात चुरली की मऊ.

खानावळी गेल्या, पण भाकरी थापणाऱ्या बायका थांबल्या नाहीत. वडिलांच्या खानावळीतल्या मावशींनी घरीच तवा मांडला. पुण्याला निघालो की अजूनही दोन डझन कडक भाकरी त्यांच्याकडूनच नेतो, सुती कापडात बांधून.