सेजमध्ये फलनाची व्याख्या: आधी समीकरणाची रीत की ‘डेफ’?

चर्चाप्रस्ताव: रेषाखंड

विल्यम स्टाइन यांनी २००५ साली सुरू केलेल्या सेजमॅथ या मुक्त गणित-प्रणालीत एकच फलन दोन रीतींनी लिहिता येते: वहीत लिहितो तसे ‘एफ(एक्स) = एक्स^२’, किंवा सेज जिच्यावर उभी आहे त्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘डेफ’ हा फलन लिहिण्याचा शब्द वापरून. बी.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्याला पहिली रीतच आधी शिकवावी, असे माझे ठाम मत आहे. कारण तिच्यातून जे हाती येते त्याचे थेट विकलन करता येते आणि ते छापले तर सूत्र दिसते. ‘डेफ’ने लिहिलेल्या फलनाचे नुसते नाव विकलनाच्या आज्ञेला दिले, की त्रुटीच पदरी पडते.

प्रतिसाद: अमूर्त

मी असहमत आहे. ही समीकरणासारखी ओळ पायथनला मुळी कळतच नाही. सेजचा प्रीपार्सर, म्हणजे लिहिलेली ओळ पायथनकडे जाण्याआधी तपासणारा भाग, ती आधी बदलून घेतो आणि तसे करताना ‘एक्स’ला नव्याने चिन्हरूप चल, म्हणजे किंमत न दिलेले नुसते अक्षर, ठरवतो. वर ‘एक्स = ५’ लिहिलेले असेल, तर फलनाची व्याख्या करताच ती किंमत कसलीही सूचना न मिळता नाहीशी होते. ‘डेफ’मधला चल मात्र फलनाच्या आतच राहतो. विकलनाचे म्हणाल, तर ‘एफ’ऐवजी ‘एफ(एक्स)’ द्यावे; काम होते.

रेषाखंड

हाच सल्ला घातक आहे. समजा, ‘डेफ’मध्ये अट घातली की एक्स २ पेक्षा लहान असेल तर ०, नाहीतर एक्स − २. आता ‘एफ(एक्स)’चा ० ते ४ असा आलेख मागितला, तर २ पर्यंत आडवी जाऊन मग वर चढणारी रेषा यायला हवी, प्रत्यक्षात −२ पासून निघणारी एकच सरळ रेषा येते. आलेखाची आज्ञा सुरू होण्याआधीच चिन्हरूप ‘एक्स’ घालून फलनाची किंमत काढली जाते, ‘एक्स २ पेक्षा लहान’ हे सिद्ध होत नाही म्हणून अट असत्य धरली जाते, आणि चुकीचे उत्तर निमूटपणे पडद्यावर येते. नवख्या विद्यार्थ्याला हे कसे उमगावे?

अमूर्त

तिथे नुसते ‘एफ’ द्यायचे, म्हणजे आलेख बरोबर येतो. फलन वेगळे आणि त्याची एक्सपाशी येणारी किंमत वेगळी, हा भेद आपण फळ्यावर सर्रास पुसतो. तो इथे पहिल्याच तासाला शिकवावा लागतो, ही मला जमेची बाजू वाटते. शिवाय तुमच्या रीतीत ‘इफ’, म्हणजे अट, बसवून दाखवा.

रेषाखंड

त्यासाठी फलन तुकड्यातुकड्यांनी लिहू देणारी ‘पीसवाइज’ ही आज्ञा आहे, आणि तिच्या फलनाचे विकलनही होते. कोलाट्झच्या क्रमातील (सम संख्या निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा, असे १ येईपर्यंत) पायऱ्या मोजणाऱ्या फलनाला ‘डेफ’शिवाय गत्यंतर नाही, हे मान्य, पण पहिल्या सत्राच्या कलनशास्त्रात तसे फलन येते कुठे?